बोहेमियन गृहसजावट : नांव आणि मर्म



गृहसजावटीच्या संबंधांत ‘बोहेमियन’ हा शब्द आतां आपल्या शहरांत चांगलाच रुळला आहे. दुकानदार त्याचें लाडकें रूप करून ‘बोहो’ असेंहि म्हणतात. वेताची खुर्ची, सुतळीला गांठी मारून विणलेली भिंतीवरची झालर, छापील अभ्रे, पितळेचा दिवा आणि दोनचार कुंड्या असा संच एकाच दुकानांत एकाच दिवशीं विकत मिळतो. परंतु ही सजावट मुळांत विकत आणण्याची नव्हे. ती जन्मास कशी आली हें पाहिलें, म्हणजे आपल्या घरांत तिचा उपयोग कसा करावा हेंहि ध्यानांत येईल.

प्रथम नांवाचा विचार करूं. बोहेमिया हा मध्य युरोपांतील, प्राग शहराभोंवतालचा प्रांत. आज तो चेक देशांत मोडतो. पंधराव्या शतकांत फ्रान्समध्यें कांहीं भटक्या टोळ्या आल्या. त्या बोहेमियांतून आल्या असाव्यात अशा समजुतीनें फ्रेंच लोकांनीं त्यांना तें नांव दिलें. वस्तुतः ते रोमा लोक. त्यांचें मूळ भारतांतलें, हें भाषाशास्त्रज्ञांनीं त्यांच्या बोलीवरून दाखवून दिलें आहे. त्या बोलींत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’ आणि मनुष्याला ‘मानुष’ म्हणतात. मराठी माणसाला याहून निराळा पुरावा नको.

पुढें एकोणिसाव्या शतकांत पॅरिसमधील निर्धन चित्रकार, कवि व गवई यांना हेंच नांव चिकटलें. कारण त्यांचेंहि बिऱ्हाड पाठीवर असे. आंरी म्युर्जे या लेखकानें त्यांच्या जीवनावर लिहिलेल्या कथा १८४५ पासून एका नियतकालिकांत येऊं लागल्या व १८५१ मध्यें पुस्तकरूपानें निघाल्या. त्यांच्या आधारें पुच्चिनीनें रचलेली ‘ला बोएम’ ही संगीतिका १८९६ सालीं इटलींतील तुरीन येथें प्रथम रंगभूमीवर आली, आणि हा शब्द जगभर पसरला. आतां अशा कलावंताच्या खोलींत एका मेळाचें सामान कोठून असणार? खुर्ची जुन्या बाजारांतली, चौरंग कोणीं दिलेला, पडदा म्हणजे एखादी जुनी शाल. आज जिला शैली म्हणतात, ती अशी मूळची गरिबीची तडजोड होती. मात्र ती तडजोड रंगाची जाण असलेल्या माणसांनीं केलेली होती, एवढाच विशेष.

हा विशेष पाहावयाचा असेल तर इंग्लंडमधील ससेक्स परगण्यांतलें चार्ल्स्टन हें शेतघर पाहावें. पहिलें महायुद्ध चालू असतां, १९१६ सालीं, व्हेनेसा बेल ही चित्रकर्त्री आपल्या दोन मुलांसह तेथें राहावयास आली. चित्रकार डंकन ग्रँट व लेखक डेव्हिड गार्नेट हेहि बरोबर होते. शस्त्र धरण्यास तत्त्वतः नकार दिल्यामुळें त्या दोघांना शेतावरचें काम पत्करावें लागलें होतें. घर भाड्याचें, दिवस टंचाईचे. तरीहि त्यांनीं दारें, कपाटें, शेकोटीच्या चौकटी, पलंगाच्या उशाकडील फळ्या, सर्व कांहीं आपल्या हातांनीं रंगविलें.

याची पूर्वतयारी लंडनमध्यें झाली होती. रॉजर फ्राय या कलासमीक्षकानें १९१३ सालीं ‘ओमेगा’ नांवाची कार्यशाळा काढली. बेल व ग्रँट तींत त्याचे सहकारी होते. चित्रकारानें चौकटींतल्या चित्रापुरतें न थांबतां टेबल, पडदा, मातीचें भांडें यांवरहि हात चालवावा, असा तिचा हेतु. कार्यशाळा १९१९ मध्यें बंद पडली, पण तो हेतु चार्ल्स्टनमध्यें टिकला. १९३९ च्या सुमारास भोजनगृहाच्या भिंतींवर कापलेल्या साच्यांतून रंग देऊन नक्षी उठविली गेली. दिव्यावरचें मातीचें सच्छिद्र झांकण बेलबाईंचा मुलगा क्वेंटिन यानें घडविलें. ग्रँट १९७८ सालीं वारला. म्हणजे हें घर बासष्ट वर्षें सजतच होतें. पुढें एका विश्वस्त संस्थेनें डागडुजी करून १९८६ मध्यें तें लोकांस पाहण्यासाठीं खुलें केलें.

इतक्या निरनिराळ्या वस्तु एकत्र असूनहि तेथें अडगळ वाटत नाहीं. कारण रंग मंद, खडूसारखे, आणि तेच तेच रंग खोलीखोलींतून पुनः भेटतात. वर्तुळासारखी एखादी साधी आकृति दारावर दिसते, तीच शेकोटीवर दिसते. वस्तूंचा मेळ नसला तरी हाताचा मेळ आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. आजीची गोधडी म्हणजे याच तत्त्वाचा उत्तम नमुना : जुन्या लुगड्यांचे थर, वर हातानें घातलेला धावदोरा, आणि जवळ असलेल्या तुकड्यांतून साधलेली रंगसंगति. तिच्याबरोबर माळ्यावर घंगाळ असतें, पाट असतो, सतरंजी असते. या वस्तु मोडीच्या भावानें द्यावयाच्या आणि जुन्याची नक्कल चौपट किंमत देऊन घरांत आणावयाची, हा व्यवहार आज सर्रास चालतो. यांत पैसा जातोच; पण वस्तूबरोबर तिची हकीकतहि जाते, आणि ती मात्र कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं.

प्रत्यक्ष करावयाचें तें थोडें आहे. आधीं तीन रंग ठरवावे व प्रत्येक नव्या वस्तूंत त्यांपैकीं एक तरी असावा. घर भाड्याचें असल्यास भिंतीऐवजीं स्टूल किंवा पेटी रंगवावी. जाड पुठ्ठ्यावर आकृति कापून साचा करावा. रंग दाट ठेवावा आणि बोळ्यानें टिपत लावावा, ओढूं नये. ओढल्यास तो साच्याखालीं पसरतो. जुनें रेशमी वस्त्र खिळ्यांनीं ताणूं नये; सुती अस्तरावर टांचून मग टांगावें आणि तें उन्हाच्या तिरिपेपासून दूर ठेवावें. घंगाळांत रोप ठेवावयाचें तर कुंडीसकट ठेवावें. ओल्या मातीनें धातु खराब होतो. आणि एक भिंत अगदीं मोकळी सोडावी, म्हणजे डोळ्यांना विसावा मिळतो. खोली एका महिन्यांत पुरी करण्याची घाई नको.

येत्या रविवारीं माळ्यावरची पेटी खालीं काढावी. घरांतील वडील माणसांना जवळ बसवून एकेक वस्तु कोणाची, कोठून आली, हें विचारावें, आणि मुलांकडून तें एका वहींत लिहून घ्यावें. हकीकत सांगणारें माणूस घरांत आहे तोंवरच हें काम होण्यासारखें आहे. कोणती वस्तु कोठें मांडावी, हें त्यानंतर ठरवितां येईल.