खालून वर वाचायचा आकडा

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात पहाटे ट्रक लागतात, गोणी उतरतात, वजन होते, भाव फुटतो आणि पट्टी तयार होते. एकेका गाळ्यावरून दिवसभरात लाखोंचा माल हलतो. पण म्हणून आडत्याची कमाई लाखांत आहे असे बाजारात कोणी समजत नाही. मालाची किंमत शेतकऱ्याची असते, आडत्याच्या हाती राहते ती अडत. तिच्यातूनही दिवाणजीचा पगार, विजेचे बिल, कर्जाचे व्याज आणि बुडालेली उधारी वजा व्हायची असते. उलाढाल वेगळी आणि कमाई वेगळी, हे इथे हमालालाही ठाऊक असते. मात्र तोच शहाणपणा कंपन्यांच्या निकालांच्या बातम्या वाचताना गळून पडतो. ‘विक्रमी नफा’ असा मथळा दिसला की वाचक त्या आकड्यापाशी थांबतो. वास्तविक निव्वळ नफा ही नफा-तोटा पत्रकातली शेवटची ओळ आहे आणि तिच्यापासून वर चढत गेल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

घणसोलीला ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ज्या समूहाचे भलेमोठे संकुल उभे आहे, त्या रिलायन्स इंडस्ट्रीजचेच २०२३-२४ चे एकत्रित पत्रक घेऊ. एकूण महसूल १०,००,१२२ कोटी रुपये. कच्चे तेल, इतर माल, पगार, विक्रीवरचे कर असे खर्च गेल्यावर आणि इतर उत्पन्न धरून उरले १,७८,६७७ कोटी, ज्याला बाजार ‘एबिटा’ म्हणतो. त्यातून घसारा ५०,८३२ कोटी आणि व्याजखर्च २३,११८ कोटी वजा केले की करपूर्व नफा येतो १,०४,७२७ कोटी. प्राप्तिकराचे २५,७०७ कोटी काढले की निव्वळ नफा ७९,०२० कोटी. म्हणजे शंभर रुपयांच्या महसुलामागे आठ रुपयांनाही थोडे कमीच. प्रत्येक पायरीवर कोणीतरी आपला वाटा उचलतो: आधी पुरवठादार आणि कामगार, मग झिजणारी यंत्रे, मग कर्ज देणारे, मग सरकार. सगळ्यांचे देऊन झाल्यावर जे उरते, तेच मालकांचे. या एका गुणामुळे निव्वळ नफ्याला इतर कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त मान द्यावा लागतो.

पण पहिली गफलत इथेच होते: वजाबाकीतले सगळे आकडे सारख्या जातीचे नसतात. व्याज आणि पगार मोजून दिलेले असतात. घसारा मात्र अंदाजाने ठरवावा लागतो. यंत्र किती वर्षे चालेल, दरवर्षी सारखे झिजेल की वापराप्रमाणे, हे कंपनी ठरवते आणि लेखापरीक्षक तपासतो. रिलायन्सच्याच जिओ या मोबाइल कंपनीची सेवा ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली आणि पहिले काही महिने ती ग्राहकांना फुकट होती. उभारणीच्या काळातला बराचसा खर्च नफा-तोटा पत्रकात न येता मालमत्तेच्या बाजूला चढला. पुढे दूरसंचार यंत्रणेचा घसाराही अपेक्षित वापराच्या प्रमाणात धरला गेला. नियमांच्या चौकटीत हे बसते, पण जाळे जोवर पूर्ण वापरात येत नाही तोवर या रीतीने घसारा कमी दिसतो, ही टीका विश्लेषकांनी तेव्हाच केली होती. व्यावसायिक कामकाजाच्या पहिल्या, जुलै ते सप्टेंबर २०१७ या तिमाहीत जिओला २७१ कोटींचा तोटा झाला आणि लगेच पुढच्या तिमाहीत ५०४ कोटींचा नफा. ग्राहक वाढले होते हे खरेच. शिवाय १ ऑक्टोबर २०१७ पासून दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर फोन जोडण्याचा दर मिनिटाला १४ पैशांवरून ६ पैशांवर आणला होता आणि हा दर देणाऱ्यांत जिओ मोठी होती. तोट्याचा नफा होण्यात कर्तबगारी, हिशेबाची रीत आणि नियामकाचा निर्णय असे तिन्ही धागे गुंतलेले होते. शेवटच्या ओळीत ते वेगळे दिसत नाहीत.

दुसरी गफलत एकदाच येणाऱ्या पैशाची. एप्रिल ते जून २०२५ या तिमाहीत रिलायन्सचा निव्वळ नफा ३०,७८३ कोटींवर गेला. वर्षभरापूर्वीच्या त्याच तिमाहीपेक्षा ७६ टक्क्यांहून जास्त. या नफ्यात एशियन पेंट्सचे जुने शेअर विकून झालेला ८,९२४ कोटींचा लाभ होता. तो बाजूला काढला की वाढ सुमारे २५ टक्के उरते. तीही चांगलीच आहे, आणि धंद्याची वाढ तेवढीच आहे. ते शेअर पुन्हा विकता येणार नाहीत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जुन्या कारखान्यांच्या बाबतीतही हेच घडू शकते. जमिनीचा हक्क वहीत जुन्या किमतीला नोंदलेला असतो. कारखाना बंद करून तो विकला, की धंदा संपलेल्या वर्षीच नफा सर्वांत मोठा दिसतो.

तिसरा प्रश्न, नफा कोणाचा? २०२३-२४ च्या ७९,०२० कोटींपैकी रिलायन्सच्या भागधारकांच्या वाट्याचे होते ६९,६२१ कोटी. बाकीचे उपकंपन्यांतल्या इतर भागीदारांचे. २०२० मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्सचा जवळपास एक तृतीयांश हिस्सा फेसबुक, गूगल आणि इतर गुंतवणूकदारांना विकलेला होता. २०२४-२५ मध्ये एकूण निव्वळ नफा ८१,३०९ कोटी झाला, म्हणजे २,२८९ कोटींनी वाढला. भागधारकांचा वाटा मात्र ६९,६४८ कोटी, वाढ अवघी २७ कोटींची. मथळा पहिल्या आकड्याचा होतो, शेअर ज्याच्या हाती आहे त्याचा संबंध दुसऱ्याशी असतो.

यावर कोणी म्हणेल, इतका अंदाज आणि इतक्या खाचाखोचा असतील तर ‘एबिटा’च बघावा. पण त्यात घसारा आणि व्याज जणू अस्तित्वातच नाहीत असे धरले जाते. मनोरे, शुद्धीकरण कारखाने, केबल यांवर चालणाऱ्या धंद्यात झीज हा खर्च नाही असे म्हणणे म्हणजे टेम्पोच्या मालकाने टायर आणि हप्ता सोडून कमाई मोजण्यासारखे आहे. दुसरे म्हणतील, नफा हे मत आहे, रोकड हे सत्य, तेव्हा रोख प्रवाहच पाहावा. हा आक्षेप वजनदार आहे, कारण उधारीवर विकलेला मालही पत्रकात विक्री म्हणूनच चढतो. तरी रोकडीचा आकडाही सोवळा नसतो. ७ जानेवारी २००९ ला सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी कबुलीपत्र दिले, तेव्हा खोट्या निघालेल्या गोष्टींत बँकेतली शिल्लकच मुख्य होती: ५,०४० कोटी रुपये नव्हतेच. खोटा नफा वर्षानुवर्षे दाखवत गेल्याने त्याला कुठेतरी ठेवणे भाग पडले आणि तो रोकडीत लपवला गेला. तेव्हा एका आकड्याला दुसरा आकडा पर्याय होत नाही. नफा आणि रोकड एकमेकांचे साक्षीदार आहेत. दोघांच्या जबान्या बरीच वर्षे जुळत नसतील, तर चौकशी करावी.

सामान्य गुंतवणूकदाराकडे एवढा वेळ कुठे, हा शेवटचा आक्षेप. पण संपूर्ण अहवाल वाचा असा आग्रह नाहीच. निव्वळ नफ्याच्या ओळीवर बोट ठेवून चार गोष्टी तपासाव्यात: यातला एकदाच आलेला पैसा किती, घसाऱ्याची रीत कोणती, माझ्या वाट्याचा नफा किती, आणि त्याच्या तुलनेत हातात रोकड किती आली. वाशीचा आडत्या संध्याकाळी गल्ला मोजतो, पण कमाई मोजताना तो उधारीची वहीही उघडतो. आपल्या बचतीचे पैसे दुसऱ्याच्या धंद्यात घालणाऱ्याने निदान तेवढे तरी करावे.