लोकलचा पास आणि झोपेचा हिशेब

केईएम, सायन, नायर, जे. जे. ही मुंबईतली मोठी वैद्यकीय महाविद्यालये जुन्या शहरात आहेत. तिथे शिकणाऱ्या अनेकांची घरे मात्र डोंबिवली, कल्याण, बदलापूर किंवा वसई-विरारला असतात. वसतिगृहातल्या जागा मोजक्या, परळ-भायखळ्याची भाडी न परवडणारी. मग साडेपाच वर्षांच्या एमबीबीएसचा बराच काळ लोकलच्या पासावर काढावा लागतो. कल्याण ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर. स्टेशनापर्यंतची रिक्षा, दादरला गाडी बदलणे आणि शेवटची पायपीट धरली, तर घरापासून वॉर्डापर्यंत दोन तास सहज जातात.

याचा हिशेब साधा आहे. कॉलेजचे नऊ तास, प्रवासाचे चार तास आणि झोपेचे सात तास वजा केले, की दिवसातले चारच तास उरतात. आंघोळ, जेवण, घरातली कामे आणि अभ्यास त्यातच बसवायचा. आठवड्याचे सहा दिवस धरले तर प्रवासाचे २४ तास होतात, म्हणजे आठवड्यातला एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र. हजेरीची अट असल्याने कॉलेजच्या वेळेत कपात करता येत नाही. साहजिकच पहिली कात्री लागते ती झोपेला.

झोप हाही अभ्यासच

प्रौढांनी रोज किमान सात तास झोपावे, अशी झोपतज्ज्ञांची शिफारस आहे. विद्यार्थ्यांच्या बाबतीत याचे कारण केवळ थकवा हे नाही. दिवसभरात वाचलेले मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात आधी तात्पुरते साठते आणि झोपेत त्याची घडी नीट बसते. रात्री दोनपर्यंत जागून फार्माकॉलॉजी वाचायची आणि पहाटे पाचला उठून गाडी पकडायची, यात वाचलेले पक्के व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून लांबून येणाऱ्या विद्यार्थ्याने वेळापत्रक उलट्या बाजूने आखावे. सकाळची गाडी कोणती ते ठरवावे, त्यावरून उठण्याची वेळ आणि तिथून सात तास मागे जाऊन झोपण्याची वेळ काढावी. अभ्यास उरलेल्या तासांत बसवायचा. सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ फार मागे-पुढे करू नये, नाहीतर सोमवारची सकाळ जड जाते.

गाडीत वाचू नका, आठवा

गर्दीच्या डब्यात जाड पुस्तक उघडणे शक्य नसते आणि मोबाइलवर नवा धडा वाचला तरी डोक्यात शिरत नाही. बसमध्ये तर वाचताना अनेकांना मळमळते. डोळे पानावर स्थिर असतात, आतला कान मात्र हालचाल नोंदवत असतो आणि या विसंगतीमुळे मेंदू गोंधळतो. प्रवासात एक गोष्ट मात्र चांगली जमते, ती म्हणजे वाचलेले आठवणे.

रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. इतरांनी एकदा वाचून नंतर आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ५६ टक्के मजकूर होता, तर पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के.

आठवण्यासाठी चौथी सीटही लागत नाही. ठाणे ते घाटकोपर बारा क्रेनियल नर्व्हज आणि त्यांची कामे मनात म्हणावीत. परतताना सकाळी वॉर्डात पाहिलेला रुग्ण डोळ्यांसमोर आणावा : तक्रार काय होती, तपासणीत काय सापडले, आणखी कोणते आजार असू शकतात? जे अडले ते मोबाइलमध्ये एका ओळीत टिपून ठेवावे आणि घरी तेवढेच उघडून पाहावे. रात्रीच्या अभ्यासाचा भार त्यामुळे हलका होतो.

परतीच्या गाडीत बसायला मिळाले तर १५-२० मिनिटांची डुलकी उत्तम. गजर लावून ठेवावा, कारण त्याहून लांबलेली झोप गाढ होते आणि उठल्यावर डोके जड राहते. चहा-कॉफी मात्र संध्याकाळी टाळावी. पाच तासांनंतरही कॅफिनचा जवळपास निम्मा अंश शरीरात असतो.

डबा, पाणी आणि अॅप्रन

स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून अनेक मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. डोकेदुखी, बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांना ते आमंत्रण ठरते. पाणी थोडे थोडे प्यावे आणि कॉलेजला पोहोचताच स्वच्छतागृहात जाऊन यावे. घरून निघताना काही न खाता थेट कॅन्टीनच्या वड्यावर दिवस काढू नये. केळे, उकडलेले अंडे किंवा थालीपीठ गाडीतही खाता येते.

वॉर्डात वापरलेला अॅप्रन अंगावर किंवा खांद्यावर टाकून लोकलमध्ये चढू नये. त्यावर रुग्णालयातले जंतू असू शकतात. तो वेगळ्या पिशवीत ठेवावा आणि वरचेवर धुवावा. गाडीच्या खडखडाटात इअरफोनचा आवाज नकळत वाढतो. रोजचे चार तास तसे ऐकले तर कानांना इजा होऊ शकते, आणि फलाटावर किंवा रुळांजवळ तर इअरफोन नकोतच.

रात्रपाळीनंतरचा धोका

इंटर्नशिपमध्ये प्रश्न गुणांपुरता राहत नाही. सलग २४ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात सुमारे ०.१० टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते, असे १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. भारतात वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. अमेरिकेतील इंटर्नच्या २००५ सालच्या अभ्यासात, २४ तासांहून लांब ड्यूटी करून घरी जाताना वाहन अपघात होण्याची शक्यता दुपटीहून अधिक आढळली.

म्हणून रात्रपाळीनंतर दुचाकी किंवा मोटार चालवू नये. आधी ड्यूटी रूममध्ये थोडे झोपून घ्यावे आणि पूर्ण जाग आल्यावरच निघावे. लोकलच्या दारात उभे राहू नये. पेंगणाऱ्या माणसाचा हात दांड्यावरून सुटायला एक क्षण पुरतो. कॉलेजांनीही लांब राहणाऱ्या इंटर्नसाठी विश्रांतीची खाट राखून ठेवणे ही चैन समजू नये.

कधी थांबावे?

लेक्चरमध्ये रोज डोळे मिटणे, तासन् तास वाचूनही गुण घसरणे, सतत चिडचिड, कशातच मन न लागणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर तो आळस समजू नये. शिक्षकांशी आणि घरच्यांशी मोकळेपणाने बोलावे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. शक्य असल्यास परीक्षेच्या आधीचे दोन-तीन महिने तरी मित्रांसोबत कॉलेजजवळ खोली घ्यावी किंवा नातेवाइकांकडे राहावे. पालकांनी हा खर्च फीइतकाच गरजेचा मानावा. आणि ‘आमच्या वेळीही आम्ही लोकलनेच जायचो’ असे म्हणण्याआधी, आपले मूल काल रात्री किती तास झोपले, हे एकदा विचारावे.