मलेरियाच्या कार्डातलं सोनं

वस्तीत तापाची तपासणी करायला गेलो की आयाबाया आम्हाला विचारतात, "कार्डावरची लाल रेघ कशाची?" बहुतेक कार्डांत ती सोन्याची असते! (वितळवून डोरलं होईल इतकं नसतं.) सोन्याचे कण साधारण 40 नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहून लहान केले, की पिवळे नव्हे, लाल दिसतात. फॅरडेने 1857 मध्ये लंडनला असं लाल पाणी बनवलं होतं. या कणांना चिकटवलेली प्रतिपिंडं रक्तातलं मलेरियाच्या जंतूचं प्रथिन पकडतात. पट्टीवर ठरलेल्या जागी ती अडकली की रेघ उमटते. फिकट उमटली तरी मलेरियाच समजा, औषध पूर्ण घ्या. 'सी'समोर रेघच नसेल तर कार्ड खराब, नवं मागा. फक्त 'सी'ची रेघ आली आणि ताप हटत नसेल, तर काचेवर रक्त देऊन पुन्हा तपासून घ्या.