विरळ हवेतला डोळा : 'चीता'ची कुळकथा

डोंगरापलीकडे मारा करणाऱ्या तोफेला आपला गोळा कुठे पडला ते दिसत नाही. पन्हाळ्याच्या सज्जाकोठीतून खालचे खोरे न्याहाळता येते, पण तशी उंच जागा रणांगणावर दर वेळी कुठून मिळणार? दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला चार्ल्स बेझली या ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याने तोडगा काढला : तोफखान्यातल्याच अधिकाऱ्याला विमान चालवायला शिकवायचे. त्याने वरून पाहायचे आणि बिनतारी संचावर 'उजवीकडे', 'आणखी पुढे' असे सांगत गोळा निशाणावर आणायचा. या व्यवस्थेला 'एअर ओपी', म्हणजे हवाई निरीक्षण चौकी, म्हणतात. आपल्याकडे १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात हे काम छोट्या ऑस्टर विमानांनी केले. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे 'कृषक' आले. नाव शेतकऱ्याचे, चाकरी तोफांची!

विमानाला मात्र धावपट्टी लागते आणि हिमालयात सपाट जमीन दुर्मीळ. म्हणून हेलिकॉप्टर. फ्रेंच 'अलुएत-३' आपल्याकडे परवान्याने 'चेतक' म्हणून बनू लागले. तरी अडचण उरलीच. सहा हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मी होते. फिरत्या पात्यांना पकडायला हवा कमी आणि इंजिनालाही श्वास कमी, असा दुहेरी मार.

१९६८ साली भारताची गरज समोर ठेवून फ्रेंचांनी जे केले, ते आम्हा कोल्हापूरकरांना चटकन उमगावे. उद्यमनगरात इंजिने घडताना पाहिलेला कोणीही सांगेल की पाचच्या पंपाला दहाचे इंजिन जोडले, तर ते कधी धापा टाकत नाही. 'अलुएत-२'चा हलका, उघड्या नळ्यांच्या शेपटीचा सांगाडा घेतला आणि त्यावर मोठ्या भावाचे, म्हणजे 'अलुएत-३'चे, इंजिन व पाती चढवली. इंजिनाची मूळ ताकद ८७० अश्वशक्ती, पण वापर ५५० पुरताच बांधलेला. वर हवा विरळ होऊन ताकद घटली, तरी ही ५५० बऱ्याच उंचीपर्यंत टिकते. माझ्या मते या यंत्राची सारी करामत या राखून ठेवलेल्या ताकदीत आहे. १७ मार्च १९६९ रोजी ते प्रथम उडाले. २१ जून १९७२ रोजी झाँ बुले यांनी ते १२,४४२ मीटरवर नेले. तिथे इंजिन बंद पडले आणि नुसत्या फिरत्या पात्यांच्या आधाराने त्यांनी ते सुखरूप उतरवले. त्याच वर्षी बंगळूरमध्ये जुळवलेले पहिले 'चीता' उडाले.

एप्रिल १९८४ मध्ये सियाचेनची मोहीम सुरू झाली आणि टेहळणीच्या या यंत्रावर निराळेच ओझे पडले. रॉकेल, टपाल, औषधे वर न्यायची, जखमी जवान खाली आणायचे. सर्वांत उंच चौक्यांवर एका फेरीत थोडेच किलो वजन नेता येते. १ नोव्हेंबर १९८६ रोजी तोफखान्यापासून वेगळे होऊन 'आर्मी एव्हिएशन कोअर' उभे राहिले. त्याचे लढाऊ वैमानिक घडवणारी शाळा २००३ पासून नाशिक रोडला आहे, देवळालीच्या तोफखाना शाळेच्या शेजारी. हे शेजारपण मला अर्थपूर्ण वाटते.

'चीता'ला वारस मिळवताना मात्र आपली दमछाक झाली. परदेशी खरेदीची निविदा २००७ मध्ये रद्द झाली, २०१४ मध्ये पुन्हा. रशियाच्या 'कामोव्ह-२२६'चा २०१५ चा करार कागदावरच राहिला. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना लष्करी अधिकाऱ्यांच्या काही पत्नींनी ही जुनी हेलिकॉप्टरे थांबवण्याची मागणी केली होती. निविदांच्या तारखा वाचताना मला ती मागणी सतत आठवते. फाइल दिल्लीत थांबते, उड्डाणे थांबत नाहीत.

हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे स्वतःचे हलके हेलिकॉप्टर, 'एलयूएच', ६ सप्टेंबर २०१६ रोजी उडाले. त्याच्या चाचण्या हिमालयातही झाल्या आणि २०२३ मध्ये कर्नाटकात तुमकुरूला कारखान्याचे उद्घाटन झाले. आता ड्रोन असताना हे कशाला, असे मला विचारतात. गोळा कुठे पडला हे पाहण्यापुरते ड्रोन पुरेसे आहे, हे मान्य. पण वीस हजार फुटांवर फुप्फुसात पाणी भरलेल्या जवानाला तासाभरात खाली आणायचे असते, तेव्हा तिथे माणूस बसेल असेच यंत्र पोहोचावे लागते.