खाणीतले पाणी आणि घरातले पाणी

छत्तीसगडातील दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या पोलाद कारखान्यापासून काही कोसांवर, नंदिनी नगर नावाची वसाहत आहे. पोलाद तयार करण्यास लोहखनिजाबरोबर चुनखडीही लागते. भिलाईच्या भट्ट्यांना ती पुरविणाऱ्या खाणी नंदिनी येथे आहेत आणि त्यांच्याच आधाराने ही वसाहत उभी राहिली. चुनखडी काढून झाली की जमिनीत मोठमोठे खड्डे उरतात आणि पावसाळ्यात ते तळ्यांप्रमाणे भरतात. अशा ठिकाणी संध्याकाळी डास कानाशी गुणगुणू लागला, की माणसाचे बोट सहज खाणीकडे वळते. एवढे पाणी साचल्यावर डास होणार नाहीत तर काय, हा तर्क वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु पाणी किती आहे यापेक्षा ते कसे आहे व कोठे आहे, हे डास अधिक पाहतो.

डासाची अळी पाण्यात राहते, पण श्वास घेते हवेतून. त्यासाठी तिला वारंवार पृष्ठभागाशी यावे लागते. उघड्या, खोल पाण्यावर वाऱ्याच्या लाटा उठतात, आणि त्यात मासे व पाणकिडे असले तर ते अळ्यांचा फन्ना उडवितात. काठचे गवत आणि उथळ डबकी यांच्या आश्रयाने काही अळ्या वाचतात. तेथे लक्ष ठेवलेच पाहिजे. पण भर तळ्यात अळीला थारा नसतो. उलट घरातील रांजणात ना लाट, ना मासा, ना ऊन. अळीला याहून सुरक्षित पाळणा कोणता मिळणार?

डासांच्या जाती पुष्कळ आहेत, परंतु घरोघरच्या आरोग्याशी तिघांचा संबंध मुख्य. क्यूलेक्स गटारांच्या घाण पाण्यात वाढतो व हत्तीरोग पसरवितो. हिवतापाचा ॲनॉफिलीस बहुधा स्वच्छ पाणी पसंत करतो. पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस इजिप्ती हा डास मात्र माणसाचा खरा शेजारी होय. तो दिवसा, विशेषतः सकाळी व दिवस मावळण्यापूर्वी चावतो, आणि डेंग्यू व चिकनगुन्या हे रोग पसरवितो. तो फार दूर उडत नाही. बहुतेकांचे सारे आयुष्य जन्मस्थानापासून शे-दोनशे मीटरांतच सरते. म्हणून ज्या घरी हा डास चावतो, त्याचे जन्मस्थान बहुधा त्याच घरी किंवा शेजारी सापडते.

ते जन्मस्थान शोधायचे तर विदर्भातील किंवा छत्तीसगडातील माणसाने प्रथम आपल्या खिडकीकडे पाहावे. या भागातला वैशाख अंगाची लाही करतो. पूर्वी दारांना वाळ्याच्या ताट्या लागत. आता बहुतेक घरांत कूलर आला आहे. उन्हाळा सरला की कूलर बंद होतो. पण त्याच्या टाकीतील पाणी पुष्कळदा तसेच राहते, आणि पावसाची सर त्यात भर घालते. शिवाय गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, कुंडीखालची बशी, अंगणातला जुना टायर, नारळाची करवंटी, पक्ष्यांसाठी ठेवलेले भांडे ही सारी एडिसची घरेच.

मादीला अंडी पोसण्यासाठी रक्त लागते. नर केवळ फुलांच्या व वनस्पतींच्या रसावर जगतो. एका खेपेस मादी शंभरच्या आसपास अंडी घालते. ती पाण्यावर न सोडता पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटविते, आणि एकाच भांड्यावर विसंबून न राहता चार ठिकाणी वाटून ठेवते. अंडे, अळी, कोश आणि पंख फुटलेला डास हा प्रवास उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पुरा होतो.

पण या अंड्यांचा खरा चिवटपणा पुढेच आहे. पाणी आटले तरी ती मरत नाहीत. कोरड्या भिंतीला चिकटून कित्येक महिने निपचित राहतात आणि पाण्याचा स्पर्श होताच फुटतात. हिवाळ्यात माळ्यावर टाकलेल्या कोरड्या कूलरमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे डास अशा रीतीने वाट पाहत असतात. म्हणून भांडे नुसते रिकामे करणे हे अर्धेच काम होय. त्याच्या कडा काथ्याने किंवा ब्रशाने खरवडून घासल्या, तरच काम पुरे होते.

या उपेक्षेची किंमत भिलाईने 2018 साली मोजली. त्या पावसाळ्यात शहरात डेंग्यूची मोठी साथ आली. खुर्सीपार व छावणी या दाट वस्त्यांत तिचा जोर अधिक होता. शेकडो माणसे आजारी पडली आणि अनेकांचे प्राण गेले, त्यांत मुलेही होती. डेंग्यूच्या रुग्णाला चावलेला डास लगेच रोग देत नाही. विषाणू त्याच्या शरीरात वाढण्यास सुमारे आठ ते बारा दिवस लागतात. त्यानंतर मात्र तो मरेपर्यंत रोग वाहतो, आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाताना कोणाचीही गय करीत नाही. म्हणूनच एका घराचा हलगर्जीपणा साऱ्या गल्लीला भोवतो.

हा धडा नवा नाही. 1911 साली डॉ. चार्ल्स बेंटले यांनी मुंबईतील हिवतापाचा तपास केला, तेव्हा त्याचे मूळ दूरच्या दलदलीत नव्हे, तर शहरातील घरांच्या विहिरींत आढळले. विहिरी झाकण्या-बुजविण्यास धार्मिक भावनेतून विरोधही झाला. घरचे पाणी अपराधी आहे, हे मानणे माणसाला जड जाते. त्याआधी दहा वर्षे, 1901 मध्ये, क्यूबाच्या हवाना शहरात विल्यम गॉर्गस यांनी घरोघरची पिंपे झाकविली, साठे तपासविले आणि याच एडिसने पसरविलेला पीतज्वर काही महिन्यांत हटविला. त्या वेळी डीडीटीसारखे औषध हाताशी नव्हते; पाण्यावर तेल टाकणे, धुरी देणे आणि घरोघर तपासणी करणे एवढीच साधने होती. आजही रस्त्यावरून फिरणारा धूर उडते डास मारतो, परंतु टाकीतील अंडी व अळ्या त्याला स्पर्शही करीत नाहीत.

तेव्हा उपाय साधा आहे. आठवड्यातील एक वार ठरवावा आणि त्या दिवशी घरातील साठ्याचे प्रत्येक भांडे रिकामे करून, घासून, कोरडे करावे. जे रिकामे करणे शक्य नाही ते घट्ट झाकावे. डासाला आठ-दहा दिवस लागतात आणि माणूस सातव्या दिवशी हजर राहतो. या एक ते तीन दिवसांच्या आघाडीवरच सारा विजय आहे. घरात कोणास ताप आला तर रक्ततपासणी होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारखी औषधे मनाने देऊ नयेत. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये. डेंग्यूत धोक्याची वेळ बहुधा तेव्हाच येते. पोटात तीव्र वेदना, वारंवार वांती, रक्तस्राव किंवा अतिशय ग्लानी दिसताच रुग्णाला दवाखान्यात न्यावे. आजारी माणसाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे. त्यामुळे शेजारीही वाचतात.

नंदिनीच्या खाणी बुजविणे कोणा एका कुटुंबाच्या हाती नाही, आणि त्यांची वाट पाहण्याचे कारणही नाही. खिडकीतला कूलर मात्र प्रत्येकाच्या हाताशी आहे.