चिंधीचा संसार

बाहुलीला कपडे लागतात, हे कुठल्याही लहान मुलीला शिकवावं लागत नाही. बाहुली हातात आली की चार दिवसांत प्रश्न सुरू होतात. हिला थंडी वाजत असेल का? रात्री ही पांघरते काय? मामाच्या गावाला निघाली तर सामान कशात भरायचं? या प्रश्नांना उत्तर म्हणून घरातल्या कुणाला तरी जुनी ट्रंक उघडावी लागते आणि तळाशी दडपून ठेवलेलं चिंध्यांचं गाठोडं सोडावं लागतं.

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत असं गाठोडं हमखास असायचं. हे जिल्हे आज दोन असले तरी वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. त्या वर्षी दक्षिण सातारा नावाचा जिल्हा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. कागदावर हद्द बदलली, बायकांचं लुगडं आणि पोरांची पांघरुणं मात्र तीच राहिली. त्यामुळे कृष्णाकाठच्या कुठल्याही गावातलं गाठोडं सोडलं, तरी त्यात साधारण सारखाच ऐवज सापडे. इरकली लुगड्याचा काठ असे, तो खाली बागलकोटकडच्या इलकलचा. खणाच्या चोळीतून उरलेले तिकोनी तुकडे असत, ते तिथल्याच गुळेदगुड्डचे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे विट्यालाही माग वाढले. त्या मागांवरचं साधं सुती कापड असे. मांजरपाट असे, आजोबांच्या धोतराचं मऊ पडलेलं पान असे, आणि एखादा घोंगडीचा जाड तुकडा असे. बाहुलीच्या अंगावर मुलखाची सगळी बाजारपेठ यायची ती अशी.

बाहुली स्वतःही बहुतेक वेळा याच गाठोड्यातून निघालेली असे. लाकडाची ठकी ज्यांच्याकडे होती ती घरं थोडी. इतरांची बाहुली म्हणजे काडीभोवती गुंडाळलेल्या चिंध्या, वर पांढऱ्या धोतराची कातडी, काळ्या दोऱ्याचे केस, काजळाचे डोळे आणि लाल दोऱ्याच्या दोन टाक्यांचं तोंड. ती तयार झाली की तिचा संसार सुरू होई. परकर-पोलकं, थंडीची कुंची, झोपायला गादी, डोक्याखाली उशी, टेकायला लोड, बाजाराला पिशवी, पैशाला बटवा. यात बाहुलीचं बाळ असलंच तर अंगडं-टोपडं आणि झोळी. आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे वाकळ.

पुण्या-मुंबईकडे जिला गोधडी म्हणतात तिला आपल्याकडे वाकळ म्हणतात. बाहुलीची वाकळ वीतभर लांब आणि त्याहून थोडी कमी रुंद. पण तिचा कायदा मोठ्या वाकळेचाच. वर-खाली जुन्या लुगड्याचं धडकं कापड, मध्ये चिंध्यांचे थर, आणि मग कडेने सुरू करून आत आत जाणारा धावदोरा. मोठ्या वाकळेला आजी एका बाजूला बसली की नात दुसऱ्या बाजूला तिच्या छोट्या वाकळेवर टाके घालायची. नातीचे टाके वाकडे यायचे. एक ज्वारीच्या दाण्याएवढा, पुढचा हरभऱ्याएवढा. आजी ते उसवायची नाही. थंडी अडते ती टाक्यामुळे नव्हे, थरामुळे, हे तिला माहीत होतं. हात बसला की टाका आपोआप बारीक होतो, हेही माहीत होतं.

या कामात दोन गोष्टी मुलं न सांगता शिकत. पहिली कापडाची किंमत. कापड हे घरातलं महाग खातं होतं. लुगडं विटलं की त्याचं पांघरूण, पांघरूण फाटलं की बाळाचे लंगोट आणि दुपटी, तीही झिजली की वाकळेतला थर, आणि शेवटी पोतेरं. या उतरणीवर बाहुलीचा वाटा मधेच कुठेतरी तळहाताएवढा निघायचा. तेवढ्यात भागवायचं, म्हणजे कात्री चालवण्याआधी तुकडा फिरवून फिरवून बघायचा. काठ परकराच्या खालच्या बाजूला आला की दुमडायला नको, कारण काठ उसवत नाही. खणाचा तिकोनी तुकडा पोलक्याच्या पाठीला बसतो. ज्यांनी लहानपणी हे केलं त्यांना पुढे चोळी बेतताना कुणी वेगळा धडा द्यावा लागला नाही. शिवणवर्गाच्या वहीतही झबलं आणि चोळी आधी लहान मापात कागदाचीच कापून चिकटवतात. आखणी, कापणी, जोडणी हा सगळा धंदा बाहुलीच्या मापातच पहिल्यांदा कळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे माया. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आपल्या भाषेत हा शब्द आहे. लहान मूल पहिल्यांदा बाहुलीचं झगुलं कापतं ते अगदी बाहुलीच्या अंगाबरोबर. शिवल्यावर ते आत शिरत नाही. मूल रडकुंडीला येतं, आणि मग घरातलं कुणी सांगतं की बाई, माया सोडायला हवी होती. दुसरं झगुलं मायेसकट कापलं जातं आणि बसतं. मुलीचा फ्रॉक शिवताना तर माया हातभर सोडत, कारण मूल वाढतं आणि वाढणाऱ्याला जागा ठेवावी लागते.

खुद्द त्या मुलींच्या आयुष्याच्या बेतात मात्र ही जागा क्वचित सोडलेली असे. बाहुलीच्या खेळाचा कळस म्हणजे लग्न. कलाबतूच्या मुंडावळ्या, रुमालाचा अंतरपाट, नवरदेवाला शेला, वरमाईला खण. शेजारपाजारच्या मुली वऱ्हाडी, चुरमुऱ्यांचं जेवण, आणि पाठवणीच्या वेळी खोटं खोटं रडणं. याची गंमत खरीच होती, पण ती तालीमही होती. आताच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी १८६२ साली कुर्लेकरांच्या घरी यमुना नावाची मुलगी जन्मली. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचं लग्न झालं. नवरा तिशी ओलांडलेला, पहिली पत्नी वारलेली. पुढे हीच मुलगी रमाबाई रानडे म्हणून महाराष्ट्राला माहीत झाली. अकरा हे बाहुलीचं लग्न लावण्याचं वय. त्या काळात खेळातलं लग्न आणि खरं लग्न यांत पुष्कळ मुलींना दोन-चार वर्षांचंच अंतर मिळे. काहींना तेवढंही नाही.

रमाबाईंना न्यायमूर्तींनी लिहावाचायला शिकवलं, म्हणून त्यांची गोष्ट वेगळी झाली. पतीच्या निधनानंतर त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, ते १९०९ साली. तिथे बायकांना अक्षरांबरोबर शिवण आणि हस्तकामही शिकवलं गेलं. जी सुई मुलीला ‘घरकाम यायला हवं’ म्हणून दिली जात होती, तीच विधवा किंवा टाकलेल्या बाईला स्वतःच्या पायावर उभं राहायला कामी आली. वस्तू तीच होती, ती कशासाठी हातात द्यायची एवढंच बदललं.

हा बदल मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिला आहे. ऐंशीच्या दशकात मी बँकेत होते, तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून शिवणयंत्रासाठी कर्जाचे अर्ज येत. अर्जदार बाईला विचारावंच लागे, शिवण कुठे शिकलात? कुणी शिवणवर्गाचा दाखला काढून दाखवी. कितीतरी जणी नुसतं ‘घरीच’ म्हणत. आणखी विचारलं की पदर तोंडाशी नेऊन हसत आणि सांगत, लहानपणी बाहुलीचं शिवायचो तसंच. अर्जाच्या कुठल्याही रकान्यात हे शिक्षण लिहायची सोय नव्हती. तरी त्या यंत्रांवर परकर, पोलकी, शाळेचे गणवेश शिवले गेले आणि हप्ते आले. माणदेशात म्हसवडला चेतना गाला-सिन्हा यांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली, ती अशाच बायकांच्या भरवशावर. गाठोड्यातून सुरू झालेलं हे शिक्षण बँकेच्या दारापर्यंत पोचतं, हे आपण फारसं कधी लक्षात घेत नाही.

तरीही जुन्या दिवसांचे गोडवे गाताना एक आकडा समोर ठेवायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. कायदा १९२९ पासून आहे. मुलीचं वय तेव्हा चौदा होतं, १९७८ साली ते अठरा झालं. आपल्याच भागात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोप्यांच्या रांगेत एखादी आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळत चिंधीची बाहुली गुंडाळताना दिसते. तिच्या बाहुलीचं लग्न खेळातच राहावं आणि तिचं स्वतःचं शाळा पुरी झाल्यावर व्हावं, एवढी माया तिच्या वाट्याला आपण सोडणार आहोत का, हा खरा प्रश्न आहे.

म्हणजे सुई टाकून द्यायची का? मला तसं वाटत नाही. ती फक्त मुलीच्याच हातात द्यायची, हे टाकून द्यावं. बाजारातला शिंपी पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच होता, संत नामदेवही शिंप्याच्याच घरचे. तेव्हा शिवण हे पुरुषाचं काम नव्हे असं म्हणायला आधारच नाही. नातवाच्या वाघाला पांघरूण लागतं. त्याच्या मोटारीला थंडीत खोळ लागते. तोही टाके घालू शकतो, आणि पुढे वसतिगृहात सदऱ्याचं बटण तुटलं तर त्याचं अडणार नाही.

आता घरोघरी बाहुली दुकानातून येते. १९५९ साली अमेरिकेत निघालेली साडेअकरा इंची बार्बी पुढे आपल्याकडे आली, साडी नेसूनही आली. तिच्याबरोबर कपड्यांचं तयार पाकीट मिळतं. ते सुबक असतं, पण त्यात मुलाला करण्यासारखं काही उरलेलं नसतं. तिलाही शिवता येतंच की. रविवारची दुपार असेल आणि घरात सहा-सात वर्षांपुढचं मूल असेल, तर सुरुवात पिशवीपासून करावी. चार इंच रुंद आणि नऊ इंच लांब सुती तुकडा घ्या. सुतीच घ्या, पॉलिएस्टर निसटतं, घडी धरत नाही आणि मूल वैतागतं. दोन्ही टोकांना इंचभर दुमडून नेफा शिवून घ्या. मग तुकडा उलट्या बाजूने मधे दुमडून नेफ्याखालच्या दोन्ही बाजू उलट्या टिपेने शिवा. सुलट करून नेफ्यात नाडी ओवली की झाली पिशवी.

पुढचा धडा परकराचा. बाहुलीचं माप टेपने घेऊ नका, दोऱ्याने घ्या. मुलाला ते लगेच समजतं. कमरेच्या दुप्पट घेर, घोट्यापर्यंत उंची, वर नेफ्यासाठी एक इंच आणि खाली साडीचा काठ. नाडी ओढली की चुण्या आपोआप पडतात, आणि त्या पडताना पाहणं हा मुलाच्या दृष्टीने चमत्कारच असतो. उशीला तीन इंच बाय चार इंच पुरे, आत सावरीचा कापूस किंवा चिंध्यांचा चुरा. पोलक्याला काज-बटणाच्या फंदात पडू नये, टिचबटण लावावं. अगदी लहान मुलांसाठी मॅटीचं कापड आणि मोठ्या नेढ्याची बोथट सुई बरी. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंता होतो. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर मणी, बटणं काहीच लावू नये. ते तोंडात जातं.

कापड विकत आणायची गरज नाही. साताऱ्याच्या मोती चौकात असो की सांगलीच्या गणपती पेठेत, ओळखीच्या टेलरला विचारलं तर तो मूठभर चिंध्या आनंदाने देईल. पण घरातल्याच आधी बघाव्यात. आईच्या विटलेल्या साडीचा परकर बाहुलीला झाला की मूल विचारतंच, ही साडी तू कधी नेसायचीस? त्या प्रश्नातून जी गोष्ट निघते, ती दुकानातल्या पाकिटात मिळत नाही. आणि पहिलं झगुलं घट्ट होऊन बसलं नाही, तर ते फेकू देऊ नये. माया म्हणजे काय ते सांगावं आणि दुसरा तुकडा पुढे करावा.