कंपनीवर अविश्वास असू द्या, पण कुलूप उघडे ठेवू नका

संगणक ही आता केवळ साहेबांच्या टेबलावरची वस्तू राहिलेली नाही. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, भविष्य निर्वाह निधीचा हिशोब, बँकेचे व्यवहार हे सारे त्यावर होते. आपल्या वस्त्यांतून बहुधा एखाद्या कचेरीने काढून टाकलेला जुना संगणक घेतला जातो आणि त्यावर बहुतेक मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज’ ही प्रणाली असते. ही प्रणाली अधूनमधून स्वतःची दुरुस्ती करून घेते, तिला अपडेट म्हणतात. मुलीचा अर्ज अर्धा भरून झालेला असतो, शेवटची तारीख डोक्यावर असते, आणि नेमके तेव्हाच अपडेट सुरू होऊन यंत्र अडून बसते. मग वैतागलेले वडील दुरुस्तीवाल्याला सांगतात, “हे अपडेट कायमचेच बंद करून टाक.” हे योग्य आहे काय, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, लोकांचा अविश्वास निराधार नाही. २०१५ साली विंडोज १० आली तेव्हा तिच्या घरगुती आवृत्तीत अपडेट नाकारण्याचा सरळ मार्गच ठेवलेला नव्हता. जुलै २०१६ मध्ये फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने, ही प्रणाली गरजेपेक्षा जास्त माहिती गोळा करते म्हणून कंपनीला नोटीस बजावली. ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटने काही ग्राहकांच्या फायलीच पुसल्या गेल्या आणि कंपनीला ते मागे घ्यावे लागले. पैसे आपण मोजायचे आणि हुकूम मात्र कंपनीचा चालायचा, हा प्रश्न विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एक फट बुजविणारे अपडेट दिले. ज्यांनी ते घेतले नाही, त्यांच्यावर १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा विषाणू कोसळला. सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांवर संगणकांतील फायली त्याने कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी तीनशे डॉलर खंडणी मागितली. इंग्लंडमधील सरकारी इस्पितळांतून रुग्णांना परत पाठवावे लागले. दुरुस्ती दोन महिने आधीच तयार होती, हे विसरता कामा नये.

पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू सुटला. त्याची झळ आपल्या न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनललाही बसली आणि कंटेनरची कामे अडली. हा विषाणू युक्रेनमधील एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला होता, आणि पसरण्यासाठी त्याने इतर मार्गांबरोबर तीच जुनी फट वापरली. म्हणजे अपडेटवर आंधळा विश्वास ठेवणे धोक्याचे, आणि अपडेट न घेणे त्याहून धोक्याचे!

मग गरीब कुटुंबाने करावे काय? आमच्या मते पुढील गोष्टी कोणालाही जमण्यासारख्या आहेत.

अपडेट बंद करू नका, पुढे ढकला. सेटिंग्जमध्ये ते काही काळ थांबविण्याची आणि आपल्या कामाचे तास ठरवून देण्याची सोय आहे. अर्जाची मुदत संपली की रविवारी निवांत अपडेट होऊ द्या.

दाखले, गुणपत्रिका, फोटो यांची प्रत पेनड्राइव्हवर काढा आणि तो संगणकाला लावून न ठेवता कपाटात ठेवा. मग अपडेट बिघडले काय किंवा विषाणू आला काय, कागद आपल्या हाती राहतात.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नाव नोंदविणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा-दुरुस्त्यांची जी योजना जाहीर झाली, तिची मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ ला चालत नाहीत. अशांनी यंत्र भंगारात काढण्यापूर्वी ‘लिनक्स मिंट’ किंवा ‘उबुंटू’चा विचार करावा. या प्रणाली मोफत आहेत. त्यांनाही अपडेट लागते, पण मिंटमध्ये ते केव्हा घ्यायचे हे बहुतांशी आपण ठरवितो. बदल करण्यापूर्वी आपला प्रिंटर आणि मराठी टंकलेखन त्यावर चालते ना, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

चोरीची प्रत टाकून घेऊ नका. फुकटात मिळालेल्या अशा प्रतीबरोबर विषाणूही घरात येऊ शकतो.

“तुमचा संगणक धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा,” असे पडद्यावर आले तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ओटीपी तर कोणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

माता-भगिनींनो, हे काम मुलांवर सोपवून मोकळे होऊ नका. घरातल्या निदान दोघांना तरी ते आले पाहिजे. वस्तीतील अभ्यासिकेत महिन्यातून एक दिवस सर्वांनी मिळून संगणक तपासावेत. कंपनीला जाब जरूर विचारावा, पण जाब विचारताना आपल्या घराचे दार उघडे राहणार नाही, याची काळजी आपणच घ्यावयाची आहे.